सल्लागाराला फक्त वाचता येतं

तुम्ही ऑफिसात नेमकं काय करता, असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरचं" एवढं सांगून मोकळी होते. खरं सांगायला गेलं तर समोरचा हसतो. उरणच्या रस्त्याला आमचं कंटेनर यार्ड आहे, आणि तिथल्या माणसांनी एकमेकांना मेसेज करण्यासाठी कंपनीने एक ॲप घेतलंय. त्या ॲपवर कुणी कुठल्या ग्रुपात असायचं, कुणी लिहायचं, कुणी नुसतं वाचायचं, कुणी दुसऱ्याला आत घ्यायचं, हे सांभाळणं म्हणजे माझी नोकरी. थोडक्यात काय, तर कुणी बोलावं आणि कुणी गप्प बसावं याचा कारभार. घरी खांदेश्वरला नवरा आणि मुलगी या दोन माणसांना मी गप्प बसवू शकत नाही, आणि इथे अख्खं यार्ड माझ्या गळ्यात.

या कामातली एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. ॲडमिन झालं की नावापुढे एक छोटासा पिवळा तारा येतो. बस, तेवढंच. खुर्ची बदलत नाही, काम कमी होत नाही, उलट "मला घ्या, याला काढा" म्हणून लोक मागे लागतात. पण त्या ताऱ्यासाठी आमच्याकडे मोठमोठी माणसं रुसून बसतात. अकाउंट्सच्या एका गृहस्थांनी जन्मात यार्डात पाय ठेवलेला नाही, धूळ सोसत नाही म्हणून. त्यांना यार्डच्या ग्रुपात तारा हवा होता. मी विचारलं, "सर, तुम्हाला तिथे करायचं काय आहे?" तर म्हणाले, "करायचं काही नाही हो. पण माझ्या ज्युनिअरला आहे आणि मला नाही, बरं दिसत नाही." दिला तारा.

मग तर पायंडाच पडला. कुणाचं प्रमोशन हुकलं की त्याचा साहेब मला फोन करायचा, "मॅडम, यंदा त्याचं काही जमलं नाही, निदान ॲडमिन तरी करून टाका." लग्नात रुसलेल्या पाहुण्याला ऐनवेळी फेटा बांधतात ना, तसे मी तारे वाटत सुटले होते. एका ग्रुपात तर अशी वेळ आली की साधा सभासद एकच उरला होता, आणि बाकी सगळे ॲडमिन मिळून त्या एकट्याला सूचना देत होते. तो बिचारा सुट्टीवर गेला की ग्रुप बंद.

याचा बोभाटा मुख्य ऑफिसपर्यंत गेला आणि तिथून एक तक्ता आला. आता माणूस बघायचा नाही, हुद्दा बघायचा. यार्ड सुपरवायझर असेल तर यार्डच्या ग्रुपात लिहू शकेल. अकाउंट्सवाला असेल तर तिथे नुसतं वाचेल. बाहेरून येणारे ऑडिटर, सल्लागार वगैरे मंडळी सगळ्याच ग्रुपांत फक्त वाचतील. आणि यात माझा हात कुठेच नाही. एचआरच्या बाईंनी त्यांच्या सिस्टीममध्ये हुद्दा बदलला की ॲप आपलं आपण परवानग्या बदलणार. मी देवाचे आभार मानले. आता कुणी 'बरं दिसत नाही' म्हणालं की मी तक्त्याकडे बोट दाखवणार होते.

मला काय माहीत, पहिलं बोट कुणाकडे वळणार ते.

आमच्या यार्डात एक आबा आहेत. साताऱ्याकडचे, यार्ड उभं राहिलं तेव्हापासूनचे सुपरवायझर, निवृत्तीला थोडकीच वर्षं राहिलेली. यार्डातला सुपरवायझर म्हणजे कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, कुठला ट्रेलर कुठल्या लाईनीत उभा राहायचा, हे दिवसभर ओरडून सांगणारा माणूस. आबांना वॉकीटॉकी दिलेली होती, पण ती खिशातच असायची. त्यांनी गेटवरून हाक मारली की पार मागच्या कुंपणाजवळचा ड्रायव्हर गाडीतून खाली उतरायचा. ऑफिसात काचा लावून फोनवर बोलत बसावं, तर पलीकडचा विचारायचा, "तुमच्याकडे भांडण चाललंय का?" मी म्हणायचे, नाही हो, आबा आहेत.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. बरेच महिने ते आले नाहीत आणि आले ते गळ्याला पांढरा सुती रुमाल बांधून. त्या रुमालाखाली श्वास घ्यायचं भोक. बोलणं संपलं होतं. आम्ही सगळे त्यांच्याशी उगीच मोठ्याने बोलायला लागलो होतो, हे आठवलं की अजून लाज वाटते. माणसाचा आवाज गेला होता आणि आम्ही समजत होतो त्यांना ऐकू येत नाही.

आबांना पूर्वी त्या ॲपचा तिटकारा होता. "तोंड हाय की देवानं दिलेलं," म्हणायचे. आता त्यांनी माझ्याकडून ते शिकून घेतलं. एका बोटाने टाईप करत, चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावून. आणि काय सांगू, त्यांना जी वाट सापडली, ती सापडली. जसे ओरडायचे तसेच लिहायला लागले. "ए निळ्या गाडीवाल्या, झोपलास व्हय रं?" हा मेसेज यार्डच्या ग्रुपात. निळ्या गाड्या कितीतरी असतात. ते सगळे उत्तर देणार, "नाही आबा, जागा आहे." त्यावर आबा, "मग पुढं घे की, कशापायी वाट बघतोस, ववाळू का तुला?" सकाळी आल्यावर कुणाची टोपी नाही, कुणाचे बूट नाहीत, कॅन्टीनच्या चहात आज साखर कमी, गेटजवळचं कुत्रं व्यायलंय त्यामुळे गाडी सावकाश घ्या, सगळं सगळं. माणूस दिवसभर जे बोलतो ते सगळं लिहायला लागला तर काय होईल, ते आमच्या यार्डने बघितलं.

तक्रारी अर्थात माझ्याकडे. ग्रुपात कामाचं काही सापडत नाही म्हणे. भाषा चांगली नाही म्हणे. यार्ड मॅनेजरना आम्ही सर म्हणतो, ते एकदा कामाच्या फायली बाजूला सारून मला म्हणाले, "मॅडम, आबांना जरा कंट्रोल करता येईल का? म्हणजे टेक्निकली?" मी आबांना बोलावून घेतलं. खोटं कशाला बोलू, मीही वैतागले होते. माझा फोन दिवसभर टिणटिण करत असायचा.

ते समोर बसले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही जरा कमी लिहा. कामापुरतंच लिहा." त्यांनी फोन काढला, बराच वेळ बोट चालवलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, "पोरी, घरी म्हातारीला बारीक अक्षर दिसत न्हाय. पोरगा पुण्याला. शेजारी भेटलं की मान हलवत्यात आन् जात्यात. मी बोलतो ते फकस्त हितं. हे तेवढं काढून घेऊ नगंस."

मी बेचाळीस वर्षांची बाई, मला पोरी म्हणणारं यार्डात दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, "कोण काढून घेतंय? लिहा काय लिहायचं ते." आणि यार्डच्या ग्रुपाचा माझ्या फोनवरचा आवाज बंद करून टाकला.

पुढे सरांना आणि एचआरच्या बाईंना एकाच वेळी सद्बुद्धी झाली. सुपरवायझरच्या जागेवर हाक मारणारा तरुण माणूस हवा, हे तर खरंच होतं. स्टॅकर म्हणजे कंटेनर उचलणारी मशीन, तिचा ऑपरेटर वर केबिनमध्ये बसलेला, त्याला थांब म्हणायचं तर फोन बघेपर्यंत तो थांबत नाही. पण आबांना काढणं कुणालाच पटणारं नव्हतं. मग दोघांनी मिळून तोडगा काढला, की आबांना 'ज्येष्ठ सल्लागार' करायचं. पूर्ण मान द्यायचा. कंपनीत हा हुद्दा आजवर यार्डच्या कुठल्याच माणसाला मिळाला नव्हता. आबा खूश झाले का? झाले. उगाच कशाला नाही म्हणू. नव्या ओळखपत्राचा फोटो त्यांनी मला पाठवला, गावाला पाठवला, पुण्याला पाठवला.

कॅन्टीनमध्ये कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, हार, समोसे. यार्डातली पोरं हेल्मेट काखेत घेऊन भिंतीला टेकून उभी. सरांनी भाषणात आबांचा आवाज, आबांचा दरारा, यावर बरंच काही सांगितलं. मग म्हणाले, "आता आबा दोन शब्द बोलतील, म्हणजे लिहितील." कल्पना त्यांचीच. भिंतीवरच्या टीव्हीला त्यांनी आपला लॅपटॉप जोडला होता आणि त्यावर 'सगळे' नावाचा आमचा मोठा ग्रुप उघडून ठेवला होता. आबा लिहिणार, ते टीव्हीवर उमटणार, आम्ही टाळ्या वाजवणार.

आबांनी फोन काढला. चष्मा कपाळावर ढकलला. बोट फोनच्या तळाशी नेलं, आणि तिथेच थांबले. परत वर, परत खाली. टीव्हीवर काहीच येईना. सर म्हणाले, "आबा, सावकाश. घाई नाही." आबांनी मान वर केली आणि सगळ्या गर्दीतून मला शोधून फोन माझ्याकडे धरला. मी पुढे होऊन बघितलं. जिथे लिहायची पट्टी असते तिथे करड्या अक्षरांत एक ओळ होती, 'या ग्रुपमध्ये तुम्ही फक्त वाचू शकता.'

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी बाईंनी हुद्दा बदलला होता. सल्लागार. तक्त्यात सल्लागार म्हणजे बाहेरची माणसं. बाहेरची माणसं फक्त वाचतात. ॲपने सांगितल्याप्रमाणे सगळं बिनचूक केलं होतं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आबांना भरून आलंय." आणि टाळ्या सुरू झाल्या. खूप वेळ वाजत राहिल्या. पोरांनी शिट्ट्या घातल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि आबा माझ्याकडे जे बघत होते त्यात भरून येण्यासारखं काही नव्हतं. संतापाने त्यांचं नाक लाल झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. जागेवर येऊन बसले तर फोनवर आबांचा मेसेज. तक्त्याप्रमाणे बाहेरच्या सल्लागाराला ग्रुपात लिहिता येत नाही, पण त्याचं खातं जी व्यक्ती सांभाळते तिला एकटीला मात्र खाजगी मेसेज करता येतो, अडचण आली तर कळवता यावी म्हणून. ती व्यक्ती म्हणजे मी. आबांची पहिली अडचण, "काय चेष्टा लावलीया?" दुसरी, "समोशात बटाटा कच्चा हुता." तिसरी, "मागच्या कुंपणाला दोन गाड्या आडव्या लावल्यात. सांग त्यास्नी."

आणि इथून माझे हाल सुरू झाले. जे अख्ख्या यार्डला ऐकायला लागायचं ते आता मी एकटी ऐकत होते. मी मीटिंगमध्ये, आबांचा मेसेज. मी जेवायला बसले, आबांचा मेसेज. मी कंपनीच्या बसमध्ये, आबा घरी पोचलेले, तिथून मेसेज. त्यातलं कामाचं काय आणि मनाचं काय हे निवडायचं, कामाचं असेल ते यार्डच्या ग्रुपात मी टाकायचं. मी आपली सभ्य भाषेत टाकायची, 'आबा सांगत आहेत की कृपया गाडी पुढे घ्यावी.' त्यावर लगेच मला आबांचा मेसेज, "किरपया कोण म्हणलं? मी म्हणलोय गाडी काढ न्हायतर हवा सोडीन. तसं लिव्ह." मी लिहिलं तसं. तर एका ट्रेलरवाल्याने ग्रुपात विचारलं, "मॅडम, तुम्ही हवा सोडणार?"

नवा सुपरवायझर चांगला मुलगा आहे, पण तोही कातावला. "मॅडम, तुम्हाला स्टॅकरमधलं काय कळतं?" म्हणाला. मी म्हटलं, "काडीचं नाही. मी फक्त पोस्टमन आहे." त्याला वाटलं मी टोमणा मारतेय.

मी बाईंकडे गेले. म्हटलं, "ओ मॅडम, आबांना लिहायची परवानगी द्या." त्या म्हणाल्या, "परवानगी तुम्ही देता ना?" मी म्हटलं, "मी नाही, हुद्दा देतो." त्या म्हणाल्या, "मग हुद्द्याला द्या." म्हणजे सगळ्या सल्लागारांना द्या. म्हणजे बाहेरचा ऑडिटर उद्या येऊन यार्डच्या ग्रुपात ओरडायला लागणार. मुख्य ऑफिसला लिहिलं की एकाच माणसापुरती सूट द्या. त्यांचं उत्तर आलं की परवानगी माणसासाठी नसते, हुद्द्यासाठी असते, आणि त्यासाठीच तर हा तक्ता केलाय. तरीही हवी असेल तर या माणसाला लिहिण्याची गरज काय, ते कामाच्या दृष्टीने स्पष्ट करा. मी स्पष्ट केलं. लिहिलं की त्यांना बोलता येत नाही. उत्तर आलं की हे वैद्यकीय कारण झालं, कामाचं कारण द्या, आणि त्यावर यार्ड मॅनेजरची शिफारस जोडा.

सरांकडे गेले. ते चहा पीत होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नाही वाटत हल्ली ग्रुप किती क्लीन झालाय? एक तक्रार नाही. आबांना मान मिळाला, यार्डला शांतता मिळाली. राहू द्या ना आहे तसं." वर म्हणाले, "वर्षभराचा तर प्रश्न आहे. सल्लागाराचं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचंच असतं."

म्हणजे हे असं होतं तर. माझं डोकं इतकं सणकलं की मी खुर्ची मागे लोटून उठले आणि बाहेर आले. तारे वाटताना या माणसाने मला कधी कामाचं कारण विचारलं नव्हतं. ज्यांना काहीच म्हणायचं नव्हतं त्यांच्यासाठी फोनवर फोन केले होते. आणि ज्याच्याकडे बोलायला दुसरी जागाच नाही, त्याची शिफारस करायला यांची शांतता मोडत होती. त्या दिवशी मी जेवले नाही. राग आला की मला जेवण जात नाही, हा माझा स्वभाव.

जिन्यात स्टॅकरचा ऑपरेटर भेटला. करावे गावातला, रोज मोटरसायकलवर येतो. मला म्हणाला, "मॅडम, आबा रुसले का? सोता काय लिवत नाय. मना चुकल्याचुकल्यासारखा वाटतंय. शिव्या खाल्ल्याशिवाय हातच चालत नाय." आबांचं लिहिणं बंद झालंय, हे त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आबा तिथेच, ऑफिसच्या व्हरांड्यात, सल्लागारांच्या नव्या खुर्चीवर शाल पांघरून बसलेले असायचे आणि फोनमध्ये ग्रुप वाचत असायचे. नुसते वाचत. कुणी चुकीची लाईन सांगितली की त्यांचं बोट उठायचं, आणि मग त्यांना आठवायचं, आणि मग माझा फोन वाजायचा.

मी तक्ता काढून बसले. ज्याच्यामुळे अडलं होतं त्यातूनच बाहेर पडायची फट शोधत होते. यार्डच्या ग्रुपात लिहू शकणारे हुद्दे कुठले? सुपरवायझर, ती जागा भरली. ड्रायव्हर आणि ऑपरेटर, त्यांना लायसन्स लागतं. आणि सगळ्यात शेवटी, टोकन क्लार्क. गेटच्या खिडकीत बसून येणाऱ्या गाडीला टोकन द्यायचं आणि लाईन नंबर ग्रुपात टाकायचा. जागा रिकामी होती. त्या खिडकीत कुणी टिकत नाही, समोर धूळ आणि डिझेलचा धूर. आबा ज्या दिवशी यार्डात पहिल्यांदा आले, तेव्हासुद्धा त्याहून वरच्या जागेवर लागले होते.

मला ते त्यांना सांगायची हिंमत होईना. शाल-श्रीफळ देऊन थोडेच दिवस झालेत, गावाकडे फोटो गेलेत, आणि आता म्हणायचं की आबा, टोकन क्लार्क होता का? पण दुसरा मार्गच नव्हता. मी व्हरांड्यात जाऊन त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते मात्र गाळलं. हुद्दा उतरवायला तुमचा स्वतःचा अर्ज लागेल, हेही सांगितलं. ओळखपत्र बदलेल, व्हरांड्यातली खुर्ची जाईल.

आबांनी फोन शालीखाली सरकवला. मी म्हटलं, "विचार करा, घाई नाही." हे सरांचंच वाक्य माझ्या तोंडी आलं आणि मी जीभ चावली. उरलेला दिवसभर त्यांचा एकही मेसेज आला नाही. मला वाटलं, झालं, माणूस दुखावला. मीच दुखावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरून ऑफिसात आले तर आबा माझ्या टेबलाशी उभे. हातात अर्ज. आम्ही दोघं बाईंकडे गेलो. बाईंनी अर्ज वाचला आणि त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अहो आबा, असं कसं? लोक काय म्हणतील? कंपनीने तुम्हाला खाली उतरवलं असं दिसेल ना." त्यांनी सरांना बोलावलं. सर आले, अर्ज बघितला आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं, म्हणून सांगते. म्हणाले, "आबा, आम्ही एवढा तुमचा मान केला. या यार्डात कुणाचा केला नाही तेवढा. आणि तुम्ही त्या गेटच्या खिडकीत बसणार? आमचं कुठे चुकलं ते तरी सांगा."

आबांनी फोन काढला. चष्मा वर, फोन नाकाशी. आम्ही तिघं उभे. एक एक अक्षर पडत होतं. मग त्यांनी फोन सरांच्या हातात दिला. सरांना सवय आहे, काहीही मोठ्याने वाचायची. ते वाचायला लागले, "सायेब, मान परत घ्या तुमचा. माजं तोंड द्या." वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्यांना कळलं. त्यांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. आबांनी तो उचलून आणखी एक ओळ लिहिली आणि या वेळी मला दाखवली, "शाल न्हाय देनार. गेटवर वारं असतं."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही एकदम. बाईंनी मान खाली घालून त्यांच्या सिस्टीममध्ये हुद्दा बदलला. 'ज्येष्ठ सल्लागार' खोडलं, 'टोकन क्लार्क' टाकलं. ॲपला कळायला थोडा वेळ लागतो. आबा फोन हातात धरून त्या करड्या ओळीकडे बघत राहिले. ती गेली आणि तिथे लिहायची पांढरी पट्टी आली, तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत टेकले. म्हातारा माणूस, सकाळपासून उभा होता.

सरांचा आणि बाईंचा फोन एकदम वाजला, माझा आवाज बंद होता म्हणून मी उघडून बघितलं. यार्डच्या ग्रुपात आबा, "आलो." आणि लगेच त्याखाली, "तिसऱ्या लाईनीत ट्रेलर कुनाच्या बापानं आडवा लावलाय?"

खालून, यार्डातून, शिट्ट्या ऐकू आल्या. आबा गेटच्या खिडकीकडे निघूनसुद्धा गेले होते. दुपार व्हायच्या आत अकाउंट्समधून माझ्याकडे पहिली तक्रार आली, ग्रुपातली भाषा पुन्हा बिघडली आहे, कृपया लक्ष घालावे. मी उत्तर टाकलं, आबा ओरडतायत, ओरडू द्या.